दोन प्लस

मेडिकलला माझा नंबर दोन वर्षं लागला नाही, आणि ती दोन्ही वर्षं मी लातूरला शकूमावशीकडे राहून काढली. शकूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. क्लासेसच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड, शेडात दोन मोठ्या शेगड्या आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले चाळीस डबे, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नंबर टाकलेला. मुखेड, कंधार, देगलूर, निलंगा, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी त्या डब्यांवर जगायची आणि सगळी तिला मावशीच म्हणायची, त्यामुळं खरी भाची असण्याचा मला काडीचा फायदा नव्हता. सकाळी पाचला ती कणीक मळता मळता पुटपुटत वंदना म्हणायची. वंदना संपायची तेव्हा कणीकही तिंबून झालेली असायची. मग मोठ्या परातीत चुरमुरे भिजत पडायचे. ते पिळून घ्यायचे, त्यात दाण्याचं कूट, डाळं, हिरवी मिरची, कढीपत्ता, की झाला सुशीला. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला हे एखाद्या बाईचं नाव वाटतं, पण तो आमचा नाश्ता. आजही कुठं मोहरी-मिरचीच्या फोडणीत ओले चुरमुरे पडल्याचा तो ‘सूं’ आवाज कानावर आला की मला रसायनशास्त्राची सूत्रं आठवतात, कारण त्याच आवाजात मी ती पाठ केली होती.

मावशीला कोणत्या डब्यात काय चालत नाही हे तोंडपाठ होतं. नऊ नंबरला वांगं नको, बावीसला शेंगाची चटणी दुप्पट, एकतीसच्या पोराला घरची आठवण आली की धपाटे. टेस्टच्या दिवशी ती जड काही करायचीच नाही. काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, ऑटो होता. सकाळी खोकत खोकत सुरू व्हायचा आणि गल्लीतल्या सगळ्या अभ्यासूंना जागं करायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण घरात शांतता अशी मी कधी ऐकली नाही. काका बोलायचे कमी. फार तर “हाव” किंवा “न्हाई.” बाकीचं सगळं बोलणं मावशीकडं होतं.

दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मी शेडात डब्यांखाली बसून रडत होते. मावशी आली, माझ्या हातात अंबाडीची जुडी दिली आणि म्हणाली, “रडायचं तर रड, पण पानं खुडत खुडत रड. संध्याकाळची भाजी हाय.” मी खुडली. वडील मुखेडहून आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना धीर दिलेला. स्वतःच्या मुलीला काय बोलावं हे मात्र त्यांना सुचेना. शेवटी मावशीनंच निकाल दिला. “नांदेडला टाका तिला बीएस्सीला. शनिवारी येत जाईल हितं. डॉक्टर न्हाई झाली तर काय माणूस व्हायची राहती का?” अशी मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राला गेले, मान खाली घालून. आठवडाभर हॉस्टेल आणि शनिवारी दुपारची लातूर गाडी. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबायची, मी खिडकीतून चहा घ्यायची, आणि अंगावर पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी दिसली की तोंड फिरवायची.

तोंड फिरवणं थांबलं ते शेख सरांमुळं. शेख सर आम्हाला भ्रूणविज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, कायम खिशात रुमालात गुंडाळलेला खडू. एका सोमवारी त्यांनी उबवणपेटीतून कोंबडीची अंडी काढली. तीन दिवस उबवलेली. एका अंड्याच्या कवचाला बारीक कात्रीनं रुपयाएवढी खिडकी पाडली आणि मला म्हणाले, “या, सुजाता. श्वास रोखून बघा.” पिवळ्यावर लाल धाग्यांची एक जाळी पसरलेली होती, आणि जाळीच्या मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका उडत होता. टुक, टुक, टुक. पिल्लू अजून कुठंच नव्हतं. चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. पण हृदय सुरू झालेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायलाही विसरले.

“सर, पण ह्या पेशींना कळतं कसं? तू हृदय हो, तू डोळा हो, हे सांगतं कोण?”

सरांनी खडू रुमालातून सोडवला. प्रश्न आवडला की ते असं करायचे. म्हणाले, “शेजारच्या पेशी सांगतात. निरोप पाठवतात, वाढ म्हणून. पण निरोप आत घ्यायला पेशीच्या काठावर कुणीतरी पाहिजे की नाही? ते प्रोटीन काठात रुतून बसलेलं असतं. अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेर निरोप चिकटला की आतली बाजू कामाला लागते आणि पेशी वाढते. त्याला रिसेप्टर म्हणतात. पुस्तकात ग्राही लिहिलंय.” शनिवारी मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “गिऱ्हाईक?” मी म्हणाले, “गिऱ्हाईक नाही गं, ग्राही.” “तेच की. मालाची वाट बघत दारात बसलेलं.” आणि मग तिनं एकच चौकशी केली, त्या अंड्यांचं नंतर काय केलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी लातूरलाच होते. प्रवेश परीक्षा संपलेली, निम्मे डबे खिळ्यांवर रिकामे. दुपारी आम्ही दोघी शेडात येसर, म्हणजे आमटीचा मसाला, करायला बसलो होतो. धणे, जिरं, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून उखळात कुटायची. मावशी उजवा हात वर करताना थांबत होती. मी विचारलं तर म्हणाली, “गाठ हाय एक काखेपाशी. दुखत न्हाई.”

“कधीपासून?”

“थंडीत कळलं.”

“मावशी! आता मे चाललाय.”

“पोरांची परीक्षा होती ना गं,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं ते पुरेसं उत्तर होतं. “मधीच डबे बंद केले असते तर कुठं गेली असती ती? आता झाली परीक्षा. उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी गेलो. सुईची तपासणी झाली, आठवड्यात स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा काकांनी उच्चारला, तोही ऑटोतून उतरताना, माझ्याकडं न बघता. मावशीनं तो ऐकला, चप्पल काढली, पाय धुतले आणि विचारलं, “कुकर लावला का कुणी?” आता वाटतं, ती घाबरली नव्हती असं नाही. रात्री तिच्या कुशीवरून कुशीवर वळण्याचा आवाज मला येत होता. पण घाबरायला तिला दिवसा फुरसत नव्हती.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा क्लासेस पुन्हा सुरू झाले होते. रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरात डॉक्टर व्हायला निघालेली वीस पोरं. सगळ्यांनी तो हातोहात वाचला. एस्ट्रोजेनचा रिसेप्टर नाही, प्रोजेस्टेरॉनचा नाही, आणि हर-टू नावाच्या तिसऱ्यापुढं लिहिलं होतं, दोन प्लस. मावशीनं विचारलं, “कितीपैकी?” नऊ नंबरचा मुलगा म्हणाला, “तीनपैकी.” “तीनात दोन? मग फस्ट क्लास हाय की!” सगळे हसले. तिनं त्या आनंदात गुळाचा शिरा केला. मीही हसले, शिरा खाल्ला. काका तेवढे हसले नाहीत. ते उठून ऑटोकडं गेले.

औषधाचे डोस सुरू झाले, दर तीन आठवड्यांनी एक. खानावळ बंद करायची का, असं आईनं फोनवर विचारलं, तेव्हा मावशी इतकी चिडली की तिला त्या दिवशी उलटी झालीच नाही. तिनं शेडात प्लास्टिकची खुर्ची टाकून घेतली आणि तिथून राज्य सुरू केलं. पोरांनी आपसांत पाळ्या लावल्या. जीवशास्त्रात पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या मुलींना कांदा कापता येत नव्हता. देगलूरचा एक पोरगा मात्र त्याच्या अम्मानं शिकवलेला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, असा करायचा की गल्लीतले लोक वासावर यायचे. काकांनी एकदा येसराची आमटी केली. ती खाऊन एकतीस नंबर म्हणाला, “काका, मावशीच्या आधी आम्हीच जातो वर.” मावशी हसता हसता खुर्चीतून पडायला आली. केस गेले तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधायला साफ नकार दिला. “उकाडा लई हाय. बरं वाटून राहिलं.” पोरी येता-जाता तिच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवायच्या आणि ती फिरवू द्यायची.

एक गोष्ट फक्त तिला समजत नव्हती. काका तिला काही उचलू देत नव्हते. पातेलं नाही, बादली नाही. पायरी चढली तरी पाठीमागं हात धरून उभे. “छातीचं आपरेशन झालंय, पायाचं न्हाई,” ती ओरडायची. काका म्हणायचे, “हाव,” आणि पुन्हा बादली काढून घ्यायचे. त्यांचं जेवणही कमी झालं होतं. आम्हाला वाटलं, काळजी.

जुलैत कॉलेज सुरू झालं. नांदेडला जाताना मी त्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर घेतली. तिची मला काही शंका होती असं नव्हे. रिसेप्टर हा शब्द सरांच्या तोंडून ऐकला होता आणि तोच शब्द मावशीच्या कागदावर होता, एवढ्यासाठीच मला तो सरांना दाखवायचा होता. लहान मुलं शिंपला दाखवतात तसा. सरांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि मला बसायला सांगितलं. प्रयोगशाळेत नळ ठिबकत होता. तो त्यांनी जाऊन बंद केला.

“सुजाता, हे मार्क नाहीत,” ते म्हणाले. “काठावर हे रिसेप्टर किती दाटीनं बसलेत, त्याची ही पायरी आहे, काठाला रंग देऊन बघितलेली. शून्य किंवा एक म्हणजे नेहमीइतके. तीन म्हणजे बेसुमार. असे बेसुमार झाले की निरोपाची वाटच बघत नाहीत. एकमेकांना चिकटतात आणि आत सारखं ‘वाढ, वाढ’ सांगत राहतात. तो कॅन्सर फार जोरात वाढतो. पण त्याच्यासाठी वेगळं इंजेक्शन आहे. नेमकं त्या रिसेप्टरच्या बाहेरच्या भागावर जाऊन बसतं.”

“आणि दोन?”

“दोन म्हणजे सांगता येत नाही. रंगावरून ठरत नाही. मग पेशीच्या आत त्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजतात, वेगळी तपासणी आहे. ती झाली का?”

मी म्हणाले, माहीत नाही. सरांनी झेरॉक्स घडी करून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, “मी कोंबडीच्या अंड्यांचा मास्तर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळं माझ्यावर विसंबू नका. पण विचारा. बिलकूल विचारा.”

शनिवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून मी बुधवारीच गाडी धरली. लातूरला पोचले तर मावशी खुर्चीत बसून कोथिंबीर निवडत होती आणि दुसऱ्या दिवशी तिसरा डोस होता. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे गिऱ्हाईक लई झाल्यात का न्हाई, तेच कळंना म्हण की.” काका दारात उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी एवढं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं. “डॉक्टरला शिकवायचं का आता आपण? त्यांना राग आला तर?” मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. मेडिकलला दोनदा हुकलेली मुलगी मी. त्या पांढऱ्या कोटापुढं उभं राहून कॅन्सरच्या डॉक्टरांना प्रश्न विचारायचा होता मला. मी वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि आंघोळ करताना, डबे भरताना, ऑटोत बसताना पाठ करत राहिले.

डॉक्टरांकडं गर्दी होती. आमचा नंबर आला, त्यांनी मावशीचं वजन बघितलं, रक्ताचा कागद बघितला आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला मान वर केली. माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. मी म्हणाले, “सर, दोन प्लसचं काय झालं?”

“काय?”

“हर-टू दोन प्लस आहे. दुसरी तपासणी लागते ना?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फाइल उलटी-सुलटी केली. “लागते,” ते सावकाश म्हणाले. “मी चिठ्ठी दिली होती की. हे बघा, लिहिलंय इथं. लॅबमधून ब्लॉक घेऊन या म्हणून. तुम्ही आणलाच नाही? मी दोनदा फाइलवर लिहिलंय, ब्लॉक बाकी.” त्यांनी टेबलावरून वाकून विचारलं, “चिठ्ठी कुणाकडं दिली होती मी?”

मी आणि मावशीनं एकदम काकांकडं बघितलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ब्लॉक,” ते म्हणाले. “ब्लॉक म्हणजे... हार्टचा न्हाई का?”

कुणालाच काही कळेना. मग त्यांच्या तोंडून एकेक शब्द बाहेर आला. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी घाईत त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती. त्यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, आणि त्यात त्यांना कळणारा एकच शब्द होता, ब्लॉक. त्यांचा ऑटो स्टँडवरचा जोडीदार हार्टच्या ब्लॉकनं गेला होता. म्हणजे शकूला कॅन्सर तर आहेच, वर हार्टही बंद पडायला आलंय, असं त्यांनी गृहीत धरलं. तिला कळलं तर ती धसक्यानंच जाईल म्हणून चिठ्ठी ऑटोच्या सीटखाली, टायर-ट्यूबच्या कागदांत दडवून ठेवली. दोन महिने ते एकटेच त्या चिठ्ठीवर बसून सगळ्या लातूरभर फिरत होते. बादली का उचलू देत नव्हते, ते आता समजलं.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मग ते म्हणाले, “काका, ब्लॉक म्हणजे मेणाचा चौकोन. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवतात, तो.” मावशीनं काकांकडं बघितलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ती हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, पोटाशी हात धरून, आणि हसता हसता रडायला लागली. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही. “येडं,” ती म्हणाली. “मला सांगायचं न्हाई व्हय? एकलाच भिऊन राहिला दोन महिने.” डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “चूक माझीही आहे. नुसती चिठ्ठी दिली, समजावून सांगितलं नाही. अजून उशीर झालेला नाही. ते इंजेक्शन लागलंच तर चौथ्या डोसानंतरच सुरू करायचं असतं. पण आजच ब्लॉक आणा.” आणि थोडं थांबून, “विचारलंस ते बरं केलंस,” असं म्हणाले. ते वाक्य मी ऑटोत तीनदा मनात म्हटलं.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पाच मिनिटांत कप्प्यातून ब्लॉक काढून दिला. बोटाच्या पेराएवढा पांढरट मेणाचा चौकोन, आत पिठाच्या गोळीसारखा एक तुकडा. काकांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. तो कुरिअरनं मुंबईला गेला, आणि चौथ्या डोसाच्या आधी उत्तर आलं. प्रती वाढलेल्या होत्या. इंजेक्शन लागणार होतं. सरकारी योजनेचे कागद काकांनी स्वतः फिरून गोळा केले. आता प्रत्येक कागद ते मला आधी वाचून दाखवायचे, साधी पावती असली तरी.

पण इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची सोनोग्राफी करा, आणि दर तीन महिन्यांनी करत राहा. काका म्हणाले, “मग मी काय म्हणून राहिलो होतो!” मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “आठवतो का तो लाल ठिपका? गर्भात हृदय घडायला हाच रिसेप्टर लागतो. उंदराच्या गर्भात तो नसला तर हृदयाचा स्नायू नीट भरतच नाही. मोठेपणीही हृदयाला त्याचा थोडा आधार असतो. म्हणून इंजेक्शननं तो झाकताना हृदयावर लक्ष ठेवतात.” मी फोन ठेवला. ज्यानं मावशीचं हृदय तिच्या आईच्या पोटात घडवलं, तेच अंगात दुसरीकडं बेसुमार झालं की असं करतं. वाईट म्हणून वेगळं काही तिच्या अंगात शिरलेलं नव्हतंच. हा विचार मला तेव्हा ज्या धक्क्यानं आला, तो पुढं इतकी वर्षं लॅबमध्ये पेशींचे काठ रंगवण्याच्या नोकरीतही कधी बोथट झाला नाही.

वर्षभर इंजेक्शनं चालली. मधे एकदा हृदयाचा आकडा खाली आला, तेव्हा दीड महिना सगळं थांबवावं लागलं. तो दीड महिना वाईट गेला. मावशी चिडचिड करायची, पोरं दबक्या पायांनी डबे न्यायची. मग आकडा वर आला आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. डोक्यावर केस आले ते कुरळे; तिला ते फार आवडले. हे प्रकरण लिहिताना मी तिला फोनवर वाचून दाखवलं. सत्तरीची आहे ती आता. म्हणाली, “केसाचं लिहिलंस का? लिही. आणि काकांची आमटी एवढी तिखट नव्हती, उगं बिचाऱ्याला बदनाम करू नको.” काका जाऊन सहा वर्षं झाली. आमटी तेवढीच तिखट होती, पण मी वाद घातला नाही.

शेवटचं इंजेक्शन झालं त्या दुपारी आम्ही तिघं दवाखान्यातून थेट लॅबमध्ये गेलो. मुंबईहून परत आलेला ब्लॉक जमा करायचा होता. मॅडमनी तो नोंदवून घेतला. मावशी जायला उठली, आणि थांबली. “मॅडम, ह्यातलं मला दिसंल का?”

“काय दिसायचंय?”

“हेच. मपलं. एवढा वरीस त्याच्यापायी गेला, आन मी काय ते तोंड बघितलं न्हाई त्याचं.”

मॅडम ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्या आत गेल्या, काचपट्टी शोधून आणली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्टूल ओढून दिलं. मावशीनं चष्मा काढला, पदर खोचला आणि डोळा लावला. आधी तिला आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग ती एकदम स्थिर झाली.

“दिसतंय,” ती म्हणाली. “घरं घरं दिसून राहिली. आन काठाला तपकिरी हाय. पर लई फिकं हाय, बाई.”

“फिकंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून दोन लिहिलं.”

मावशीनं पुन्हा बघितलं, खूप वेळ. “खरं हाय,” ती शेवटी म्हणाली. “एवढ्या फिक्यावरनं मी बी दोनच लिहिलं असतं.”

मॅडम हसल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. म्हणाल्या, “लोक येतात ते रिपोर्ट लवकर द्या म्हणून भांडायला. बघायला कुणी आलं नव्हतं.” मावशी स्टुलावरून उतरली आणि मला पुढं ढकललं. “हिला दाखवा. हिला लई नाद हाय.” मी बसले. खाली निळ्या ठिपक्यांच्या पेशी, एकीला एक लागून, आणि त्यांच्याभोवती पुसट तपकिरी रेघ. कुठं पूर्ण, कुठं पुसत गेलेली. मी बघत होते तोवर मॅडमनी काही न बोलता काचपट्टी बदलली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“मलाही माहीत नाही. नंबर असतो फक्त. आज सकाळी आलीय. सांग, काठ दिसतो का?”

मी डोळा लावला. रेघ होती असं वाटायचं आणि नाही असंही वाटायचं. उत्तर द्यायची घाई झाली होती मला, परीक्षेत व्हायची तशी. तेवढ्यात पाठीवर मावशीचा हात आला.

“सावकाश बघ, सुजे,” ती म्हणाली. “नीट बघून सांग. ती बाई घरी वाट बघून राहिली असंल.”